न्दोरो पुन्हा निवडून आले

मी सिलास न्दोरोंना निवडणुकीत हरवलं, त्यामुळे ते पुन्हा निवडून आले.

मतमोजणी शाळेच्या पटांगणात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाली. माझ्या मतांचा ढीग त्यांच्या ढिगाहून कितीतरी उंच होता. निवडणूक अधिकाऱ्यानं कर्णा तोंडाशी धरला. "तेओपिस्ता अकेलो यांना सर्वाधिक मतं पडली आहेत. सबब सिलास न्दोरो विजयी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मतं देणाऱ्यांनी जरा जास्तच.

"म्हणजे मी जिंकले ना?" मी विचारलं.

"हो तर. अभिनंदन, साहेब," तो म्हणाला.

माझ्या जन्माआधीपासून न्दोरो किसेम्बेचे खासदार होते. सरोवरातल्या आमच्या बेटावर दवाखाना बांधू, असं दर निवडणुकीत सांगायचे. माझी बहीण बाळंतपणात अडली तेव्हा तिला होडीत घालून किनाऱ्याकडे न्यावं लागलं. अर्ध्या पाण्यात ती गेली. म्हणून मी उभी राहिले. माझा नवरा लुकास, त्यानं वल्हवत वल्हवत मला सगळी गावं फिरवली. त्याच्या तळहातांची सालं निघाली होती.

निकालानंतर मी त्याच्या होडीत बसले. तो नजर वर करेना.

"साहेब, माझी बायको दिसली का कुठं? मघाशी इथंच होती."

"लुकास, अरे मीच की."

"गरिबाची थट्टा करता," तो अदबीनं हसला आणि न विचारताच त्यानं होडी न्दोरोंच्या बंगल्याला लावली.

दार खुद्द न्दोरोंनी उघडलं. फार थकले होते. स्वेटरची बटणं वर-खाली लागली होती.

"मी तुलाच मत दिलं," ते म्हणाले. "गेल्या खेपेला पाद्रीबाबांना दिलं होतं. त्याआधी ओडोंगो कोळ्याला. दर वेळी पडतो मी. काही उपयोग होत नाही."

"मग राजीनामा द्या."

"दिलाय. तो नव्या खासदारानं स्वीकारायचा असतो."

"मी स्वीकारते."

"तू कोण?" त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं.

आतल्या जेवणाच्या टेबलाशी पाद्रीबाबा बसले होते, शेजारी ओडोंगो, पलीकडे आणखी काही वयस्क माणसं. सगळ्यांच्या अंगात एकसारखे राखाडी कोट.

"न्दोरो," असं म्हणून पाद्रीबाबांनी माझ्यापुढे हात केला.

"न्दोरो," ओडोंगो म्हणाला.

मी पाहत असतानाच लाकूड करकरलं आणि टेबल एका खुर्चीपुरतं लांबलं. त्या खुर्चीवर माझ्या मापाचा कोट होता.

"दवाखान्याचं काय?" मी विचारलं.

"मीही त्याच्यासाठीच उभा होतो," ओडोंगो म्हणाला. "आम्ही सगळेच. रोज बैठक होते. रोज ठराव येतो. उत्तर न्दोरोंनी द्यायचं असतं."

"मग द्या ना कोणीतरी!"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरची चहाची किटली उचलून आपटली. चहा सांडला. तो कोणी पुसला नाही.

मी परत फिरले. दार होतं तिथंच होतं, पण मधली खोली वाढत चालली होती. धावले तर दार आणखी लांब जाई. थांबले की तेही थांबे. खिडकी मात्र हाताशी होती. मी ती उघडली.

बाहेर माणसं जमली होती. लुकास पहारेकऱ्याला विचारत होता, "माझी बायको आत आलीय का हो? उंच आहे. आवाज मोठा आहे तिचा."

"लुकास!" मी ओरडले. "मीच! इकडे बघ, मीच आहे!"

मग पुढच्या रांगेतल्या कोणीतरी मूठ वर केली. "मीच!" तो ओरडला. "मीच! मीच!" सगळा जमाव ओरडू लागला. लुकासही मूठ उंचावून ओरडत होता, आणि ओरडता ओरडता एकेका खिडकीत मला शोधत होता.