कोरड्या केसांचं माप

पौर्णिमा थूलला वचकून असणारे लोक वर्धा जिल्ह्यात बरेच होते. ती पाटबंधारे खात्यात अभियंता होती. हिंगणीकडच्या एका कालव्याचं अस्तर पातळ घातलंय हे लक्षात आल्यावर तिने कंत्राटदाराला सगळ्या मजुरांसमोर सांगितलं होतं, "उखडा. आत्ता, माझ्यासमोर." तो दोन तास हुज्जत घालत राहिला. ती कालव्याच्या काठावर उन्हात उभी राहिली आणि शेवटी त्याने उखडलं.

हीच पौर्णिमा पार्लरच्या खुर्चीत बसली की मुकी व्हायची.

तिचे केस दाट आणि कुरळे. शाळेत पोरी त्यावरून चिडवायच्या, म्हणून आई, कमलाबाई, तेल चोपडून दोन वेण्या इतक्या घट्ट घालायची की पोरीचे डोळे ताणले जायचे. लग्नाच्या वेळी नागपूरच्या एका पार्लरमध्ये दोन मुली तिचे केस विंचरत होत्या. कंगवा अडकला तशी एक दुसरीला म्हणाली, "हा तर झाडू आहे." आरशात तिघींचेही चेहरे दिसत होते. पौर्णिमा हसली. त्या मुलींवरचा राग पुढे निवला. आपण हसलो याचा राग मात्र सोळा वर्षांत निवला नाही. तेव्हापासून तिने केसांना कोणाचा हात लावून घेतला नव्हता. कमरेपर्यंतची वेणी, घट्ट, तेल लावलेली. बस.

यंदा एकेचाळिसाव्या वर्षी तिला बढती मिळाली. सोमवारी उपविभागीय अभियंता म्हणून रुजू व्हायचं होतं, ओळखपत्राचा नवा फोटो काढायचा होता. तिने ठरवलं, वेणी कापायची. खांद्यापर्यंत केस, मोकळे. तिचा नवरा रत्नदीप शाळेत मास्तर होता. तो म्हणाला, "केस तुझे आहेत. फक्त आईला तूच सांग." कमलाबाईंनी ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "मले कायले पुसतं? काप."

शनिवारी दुपारी ती बोरगाव मेघेला मंजुषाच्या पार्लरमध्ये गेली. मंजुषा वडनेरच्या शेतकऱ्याची मुलगी. नागपूरला सहा महिन्यांचा कोर्स करून, लग्नानंतर तिने सासरच्या पुढच्या खोलीत पार्लर काढलं होतं. पौर्णिमा तिच्याकडे आयब्रोला जायची. केस मात्र पहिल्यांदाच तिच्या हाती दिले होते.

मंजुषाने केस भिजवले, ताणून सरळ विंचरले आणि कापायला घेतले. वेणीचा भार उतरल्यावर मान हलकी झाली, ते पौर्णिमाला आवडलं. पण पुढच्या बटा मंजुषा न विचारताच बऱ्याच वर घेत होती. पौर्णिमाला ते आरशात दिसत होतं. 'इतके नको' असं म्हणायला तिने तोंड उघडलंही. तेवढ्यात मंजुषाने तिचं डोकं दाबून खाली केलं, आणि शब्द तिथंच राहिला. मग ड्रायर झाला, गरम मशीनने केस प्रेस करून झाले. आरशात रेशमासारख्या सरळ केसांची एक बाई बसली होती.

"कसे वाटतात, मॅडम?"

"छान," पौर्णिमा म्हणाली.

रविवारी सकाळी तिने डोक्यावरून पाणी घेतलं. केस वाळले तसे आपल्या मूळ वळणावर आले. मागचे खांद्याच्या जरा वर थांबले. पुढचे आकसत आकसत कानापर्यंत चढले, आणि उजवीकडचे डावीकडच्यापेक्षा चांगले दोन बोटं वर.

"अरे बाप्पा!" कमलाबाई म्हणाल्या.

"एवढं काही वाईट दिसत नाही," रत्नदीप म्हणाला, आणि ते पौर्णिमाला जास्त लागलं.

ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि रडली. रडता रडताच तिच्या लक्षात आलं की आपण केसांसाठी रडत नाही आहोत. ते तर वाढतील. कालच्या त्या 'छान'साठी रडतोय. डोळ्यांसमोर काम बिघडत होतं, आपल्याला दिसत होतं, आणि आपण त्यावर पसंतीची सही करून आलो. दुसऱ्या कुठल्या कामावर तिने अशी सही केली असती का?

तिने नळ बंद केला, तोंड धुतलं आणि स्कूटीची किल्ली घेतली. वर्ध्यात बाया तोंडाला स्कार्फ गुंडाळल्याशिवाय गाडीवर बसत नाहीत. पौर्णिमाने त्या दिवशी स्कार्फ बांधला नाही. ते केस तसेच वाऱ्यावर घेऊन ती बोरगाव मेघेला गेली.

पार्लरमध्ये त्याच गल्लीतल्या शालूबाई केसांना मेंदी लावून घ्यायला येऊन बसल्या होत्या. घरच्या मळ्यातली भाजी बाजारात नेणारी बाई, साठीची, सगळ्यांना ओळखणारी. खुर्चीत एका मुलीच्या भुवया चालल्या होत्या. मंजुषाच्या दातांत दोरा होता.

"मंजुषा, हे केस मला आवडले नाहीत."

मंजुषाने दोरा सोडला. "काल तं तुमी छान म्हणल्या!"

"म्हणाले. खोटं बोलले."

खुर्चीतल्या मुलीने एक डोळा उघडून पाहिलं. मंजुषाचे कान लाल झाले. "धुतल्यावर प्रेसिंग निघतेच, मॅडम. सगळ्याइचंच निघते. अन् तुमचे केसच तसे..."

"माझे केस जन्मापासून तसेच आहेत. काल तू कापलेस तेव्हाही तसेच होते," पौर्णिमा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. कालव्यावर असायचा तसा होता. "त्यांना सरळ करून कापलंस ते चुकलं. मला दिसत असून मी बोलले नाही, ते माझं चुकलं. आज बोलायला आले."

"बरोबर बोलून राह्यली ते," शालूबाई मागून म्हणाल्या. "मागच्या खेपेले माह्या कपायावर मेंदीचा डाग आठ दिवस होता. मी बोलली का तुले? नाई बोलली. पण लेकीच्या साक्षगंधाले मी दुसऱ्या पार्लरात गेलती."

मंजुषा भिंतीजवळच्या स्टुलावर बसली. दोरा तिने बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. पौर्णिमा भांडणाची तयारी करून आली होती, पण मंजुषा भांडली नाही.

"मले वाटे, बाया नागपूरले जातात," ती म्हणाली. "नवी बाई येते, छान म्हणते, हसते, अन् पुन्हा दिसतच नाई. मी रस्त्यात भेटली तं दुसरीकडं पाह्यते. दोन वर्षं झाले. एकीनंही सांगतलं नाई माह्यं काय चुकते ते. मले कसं समजाव?"

पौर्णिमाला तिची दया आली, पण दयेपोटी शब्द मागे घ्यायचा नाही हे तिने वाटेतच ठरवलं होतं. "आता समजलं ना? मग या मुलीचं आटप. माझे पुन्हा कापायचे आहेत."

"पुन्हा?" मंजुषा घाबरली. "मॅडम, मोठ्या पार्लरात जा. माह्याच्यानं अजून बिघडले तं?"

"मी सांगेन तसे काप. बिघडणार नाहीत."

मुलगी उठली, पण गेली नाही; शालूबाईंच्या शेजारी जाऊन बसली. पौर्णिमा खुर्चीत बसली. गळ्याला बांधलेलं कापड तिने स्वतःच सैल केलं. मंजुषाने सवयीने पाण्याची बाटली उचलली.

"पाणी नको. तुमच्या वडनेरला काळी मातीच ना?"

"हो. कपाशीची."

"ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. फुगलेली असताना माप धरून वर भिंत बांधली तर काय होतं?"

"तडकते," मंजुषा लगेच म्हणाली. "आमच्या घराच्या दरसाल तडकतात."

"माझे केस तसे आहेत. ओले केले की लांब होतात, वाळले की वर चढतात. म्हणून कोरडेच काप. कंगवा नको, बोटांनी धर. एकेक बट. आणि माझं डोकं दाबू नकोस. वळवा म्हण, मी वळवीन."

मंजुषाने पहिली बट हातात घेतली. तिने ती ओढून सोडली. ती टुणकन जागेवर जाऊन बसली. तिने पुन्हा ओढून सोडली, आणि या वेळी ती कुठं थांबते ते नीट पाहिलं. मग कात्री चालवली.

दीड तास लागला. पौर्णिमा सांगत होती: थांब, अजून थोडं, इथं नको. हळूहळू मंजुषा आपणच विचारू लागली. "ही बट बाहेर पळून राह्यली, हिले खालून घेऊ का?" एकदा पौर्णिमाने मानेमागे हात नेला आणि तिथं नुसती कातडी लागली. हात तिथंच राहिला. इतकी उघडी मान तिला स्वतःलाही ठाऊक नव्हती.

"थांबू का, मॅडम?"

"नाही. चालू दे."

शेवटी मंजुषाने कात्री खाली ठेवली. काही विचारलं नाही. पौर्णिमा आरशात बघत राहिली. केस हनुवटीच्याही वर आले होते, डोक्याभोवती भरून उभे होते, आणि त्यांच्यामध्ये तिचाच चेहरा होता, रुंद कपाळाचा, जिवणीशी थोडा हट्टी. तिने मान हलवली. केस हलले आणि जागेवर आले.

"डाव्या कानामागे अजून जरा."

मंजुषाने तेवढं काढलं.

"आता आवडले," पौर्णिमा म्हणाली.

"खरंच का?"

"खोटं बोलाची असती तं आली कायले असती ते?" शालूबाई म्हणाल्या आणि उठून खुर्चीजवळ आल्या. "सरक माय, आता माह्यं ऐकू दे तिले. मंजुषा, मेंदी कपायाले लागली नाई पायजे, अन् मले पंख्याखाली बसवू नोको. थंडी वाजते मले. दोन वर्षांपासून वाजून राह्यली."

मंजुषा खळखळून हसली आणि पंखा बंद करायला गेली.

घरी कमलाबाईंनी लेकीला खिडकीपाशी उजेडात उभं केलं. दोन्ही हातांची बोटं त्या केसांत घातली. गुंता नव्हता, तरी त्या बराच वेळ बोटं फिरवत राहिल्या. "मी उगाच इतक्या आवळून घालत होती वेण्या," त्या म्हणाल्या. "दुखत असन तुले."

"दुखायचं," पौर्णिमा म्हणाली.

सोमवारी ती रुजू झाली. ओळखपत्राचा फोटो निघाला. मोठे बाबू वासुदेवराव म्हणाले, "मॅडम, केस कापले वाटते," ती "हो" म्हणाली, आणि त्यांनी कालव्याच्या उन्हाळी पाणीपाळीची फाइल पुढे केली. दुपारभर ती त्या फाइलमध्ये होती. मधे कधीतरी पंख्याचा वारा मानेला लागला तेवढाच.

संध्याकाळी मंजुषाचा फोन आला. "मॅडम, आज धुतले का? कसे बसले?"

"पुढून चांगले बसलेत. मागे मानेला टोचतात."

"बारीक मशीन फिरवाले पायजे होती मी," मंजुषा म्हणाली. "बुधवारी येजा. सहानंतर. गर्दी नसते."

"येते," पौर्णिमा म्हणाली.