घर आहे का?

'सोबत' नावाच्या क्लबचा फॉर्म रईसानंच बनवला होता, त्यामुळे चिडायचं तरी कुणावर? पहिलाच प्रश्न तिचा: 'घर आहे का? होय / नाही.' याहून सोपं काय विचारायचं, असं तेव्हा वाटलं होतं.

एका ट्रस्टनं आपल्या निवाऱ्यातल्या दहा खाटा क्लबला दिल्या होत्या. दहा बेघर माणसं शोधायची, फॉर्म भरून मंगळवारी चारच्या आत द्यायचे, एवढंच काम. क्लबनं ते अंगावर घेतलं, म्हणजे अध्यक्ष बद्रीनाथरावांनी बॅनर छापला आणि काम रईसाच्या गळ्यात पडलं. बद्रीनाथराव प्लायवूडचे व्यापारी, बोलण्यात पक्के. पण उन्हात उभं राहायचं म्हटलं की त्यांची शुगर वाढायची.

स्टेशनजवळच्या पुलाखाली चौदा माणसं राहत होती. चौदाही जणांनी 'होय' सांगितलं. कुणाचं घर चितेगावला, कुणाचं पार जालन्याकडं. ट्रस्टच्या कारकुनानं गठ्ठा परत केला. "मॅडम, यांना तर घरं आहेत. बेघर आणा." चौदा माणसं पुलाखाली झोपतात आणि कागदावर बेघर एकही नाही. हसावं की रडावं, तिला कळेना.

आज मंगळवार. सकाळपासून ती पुन्हा पुलाखाली बसून एकेकाला समजावत होती. गावाकडं असेल हो, पण इथं नाही ना, मग नाही म्हणा. नऊ जणांनी खाली मान घालून 'नाही' म्हटलं, चौघं ऐकेचनात. दहावी मनकर्णाबाई. खरं तर हा सगळा खटाटोप रईसानं तिच्यासाठीच मांडला होता. रईसाच्या शिवणक्लासातल्या चिंध्या नेऊन ती गोधड्या शिवायची. महिनाभर खोकत होती. गार फरशीवर झोपू नका, असं डॉक्टरनं बजावलं होतं.

"मावशी, इथं 'नाही'वर खूण करायची अन् अंगठा द्यायचा. आजपासून खाटेवर झोपाल."

"पर मला घर हाय की, बाई. बिडकीनला. दोन खोल्या, वर पत्रा. दारातला शेवगा म्या लावलाय."

"मग तिथं का राहत नाही?"

"कडुबा घेत नाय." कडुबा तिचा मुलगा.

"म्हणजे घर नाहीच झालं ना?"

"पोरगं आत घेत नाय म्हून घर नाय, असं कसं व्हईल?"

पालथ्या घड्यावर पाणी. तेवढ्यात बद्रीनाथरावांचा फोन. "रईसाताई, दहावा मिळाला का? फोटोग्राफर येऊन बसलाय. एक खाट रिकामी बरी दिसत नाही." साडेतीन वाजले होते. रईसानं स्वतःच 'नाही'वर खूण केली, शाईचं पॅड उघडलं आणि मनकर्णाबाईचा हात धरला. बाईनं तो सोडवून पदराखाली घेतला.

"एकदा दिलाय आंगठा," ती म्हणाली. "कडुबा म्हनला, अनुदानाचा कागद हाय. त्यात लिव्हलं व्हतं, मनकर्णाला घरात हिस्सा नाय. हक्कसोड म्हनत्यात त्याला. त्या कागदानंच तर हितं आणलं. आता आणखी एका कागदावर मी घर नाय म्हननार नाय."

"हा कागद वेगळा आहे, मावशी."

"त्यो बी असंच म्हनला व्हता."

"मग मरा इथंच थंडीत," रईसा बोलून गेली आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली.

मनकर्णाबाईला राग आला नाही. खोकल्याची उबळ सरल्यावर तिनं विचारलं, "तुमचं घर कुठं, बाई?"

"इथंच, छावणी भागात."

"तुमच्या नावावर हाय?"

घर रईसाच्या अब्बांचं. ते गेल्यावर दोघं भाऊ तिला रजिस्ट्री ऑफिसात घेऊन गेले होते. "आपा, सिर्फ दस्तखत है. घर तो तुमाराच है." तिला लिहिता-वाचता येत होतं. शब्दन् शब्द वाचून तिनं सही केली होती. आता ती गच्चीवरच्या खोलीत राहायची, आणि परवा भावजयीनं विचारलं होतं, आमच्या उजैरच्या लग्नाआधी खोली मोकळी होईल ना?

"हो," रईसा म्हणाली. "माझंच आहे."

मनकर्णाबाईनं मान डोलावली. तिला ते पटलेलं दिसलं. रईसानं पॅड मिटलं.

निवाऱ्यात बद्रीनाथरावांनी दहाव्या खाटेपुढं बॅनर धरायला लावला होता. कारकुनानं फॉर्म मोजले. "नऊच? दहावी बाई कुठाय?"

"त्यांना घर आहे," रईसा म्हणाली.

"मग आधीच सांगायचं ना, मॅडम," कारकून म्हणाला आणि त्यानं यादीतल्या दहाव्या खाटेवर रेघ मारली.