रशियन साहेबाचं शहर

पावर हाउस बाजारातल्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या एके काळी ओमप्रकाशनं रंगवल्या होत्या. फ्लेक्स आले आणि त्याचे हात रिकामे झाले. म्हणूनच रिसाली वस्तीतली साधना एक जुनं चित्र घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा त्याला बरं वाटलं.

चित्र तिच्या सासऱ्यांच्या मालकीचं. इथला पोलादाचा कारखाना उभारायला आलेल्या एका रशियन इंजिनिअरनं स्वतः काढलेलं, रशियातल्या आपल्या गावाचं. मायदेशी परतताना तो ते सासऱ्यांना देऊन गेला. पुढं ते वर्षानुवर्षं देवघराशेजारी टांगलेलं राहिलं आणि उदबत्तीच्या धुरानं पार काळवंडलं. मधोमध एक उंच स्मृतिस्तंभ आहे, एवढंच काय ते ओळखू येई.

"काका, आभाळाले निळा रंग मारा, खांब चमकवा. रविवारी पाहुणे येऊन राहिले," साधना म्हणाली.

ओमप्रकाशनं निळा कालवला. रंग नीट धरावा म्हणून आधी ओल्या कापसाचा बोळा हलक्या हातानं फिरवला. बोळा काळा झाला आणि स्तंभाची एक कड उन्हात न्हाल्यासारखी गुलाबी दिसू लागली. वरपासून खालपर्यंत एकाच फटकाऱ्यात ओढलेली! चाळीस वर्षं ब्रश धरूनही असा हात आपल्याला साधला नाही, हे त्याला पाहताक्षणी कळलं. त्यानं निळ्याची वाटी झाकून ठेवली.

तीन दिवस तो बोटभर बोटभर पुसत राहिला. काजळीखालून नदी निघाली, छपरांवरचं बर्फ निघालं. शेवटी स्तंभाच्या पायथ्याशी डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी निघाली. जेमतेम चार ठिपक्यांची. पण वाकलेली पाठ, हातातली लाल फुलं, सगळं होतं.

शनिवारी साधना आली. "रंग कुठं मारला तुमी?"

"थेंबभरही नाही, पोरी. मारवलाच नाही मले. इकडं पाह."

ती वाकली आणि तशीच राहिली. "साहेबाचे दोन भाऊ लढाईत गेले," ती हळूच म्हणाली. "त्यायची माय रोज त्या खांबापाशी फुलं ठेवाले जाये. मामंजी म्हणत, चित्रात हाये ते माय. आमाले वाटे, म्हातारपणी काहीबाही बोलून राहिले." तिनं डोळे पुसले. "कोपऱ्यात तुमचं नाव टाका, काका."

"नाव त्याचं. मी निस्ती काजळी काढली."

रविवारी साधनानं त्याला चित्रासमोरच बसवलं. पाहुणे आलेले कारखान्यातले साहेबलोक भोवती उभे होते, आणि ओमप्रकाश त्यांना सांगत होता, त्या माणसानं ब्रश कुठं टेकवला अन् कुठं उचलला.