भाकरतुकडा ओवाळलेली साडी

टिळकवाडीतल्या शाळेत लेकीची पालकसभा आटपून राजेश्वरी वडगावात घरी पोचली, तेव्हा सासू उंबऱ्याच्या आतच बसली होती. चंपाबाईंच्या मांडीवर एक आमसुली साडी होती आणि शेजारी कुरिअरचा डबा, तोंड वासून पडलेला.

"ही आपली न्हवं गं," चंपाबाई म्हणाल्या.

राजेश्वरीची नजर आधी डब्यावर गेली. साडी कुणाची ते पुढचं पुढं. "आत्ती, डबा कुणी फोडला?" तिनं विचारलं.

"मीच. दुसरं कोण हाय घरात?"

आता यात त्या माउलीचा काय गुन्हा, तुम्हीच सांगा. या घराची रीतच तशी. मागावरून उतरून गेलेली साडी काही कारणानं परत आली, तर ती सासरहून आलेली लेक. तिला तशीच आत घ्यायची नाही. उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, देवापुढं ठेवायचं, पदराला हळदकुंकू लावायचं आणि मगच घडी मोडायची. चंपाबाईंच्या सासूनं तेच केलं, चंपाबाईंनीही तेच केलं. फरक एवढाच, की तेव्हा परत करणारं माणूस ओळखीचं असायचं, दोन शिव्या देऊन जायचं आणि चहा पिऊन जायचं. आता घेणारी बाई कोण, कुठली, तोंड कधी बघितलेलं नाही. रंग पसंत नाही म्हणून फोनवर बोट टेकवायचं, राजेश्वरीच्या सासऱ्यांनी, यल्लाप्पांनी विणलेली साडी कपाटात ठेवायची आणि डब्यात तसल्याच रंगाचं बाजारातलं पॉलिस्टर कोंबून पाठवून द्यायचं. लाज कशाशी खातात हे असल्यांना कोण शिकवणार? चंपाबाईंनी हळदकुंकू लावलं ते त्या पॉलिस्टरला. घडी मोडल्यावर हाताला लागलं, की लेक म्हणून भलतीच कोणीतरी घरात आली आहे.

यल्लाप्पा मागावरून उठून आले. त्यांनी काठावरून एकदाच उलटा अंगठा फिरवला. "आपल्या काठाला असं दोरं सुटत न्हाईत," म्हणाले आणि परत जाऊन मागावर बसले. त्यांच्या लेखी निकाल लागला होता.

पण ज्या ॲपवर राजेश्वरीचं दुकान होतं, तिथं अंगठा चालत नव्हता. परत आलेला डबा कॅमेऱ्यासमोर, पत्त्याची चिठ्ठी दाखवून, एका दमात फोडायचा. तसा व्हिडिओ नसेल तर तक्रार खोटी. आणि तिसरी तक्रार खोटी ठरली की दुकान बंद. राजेश्वरीच्या दोन झाल्या होत्या. एकदा लग्नात मिरवून घामेजलेली साडी परत आली होती आणि नेमकी व्हिडिओच्या मध्येच लाईट गेली. दुसऱ्यांदा चिठ्ठी दाखवायची राहिली.

दुकान बंद म्हणजे आण्णाप्पा व्यापाऱ्याचं दार. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हे घर त्याचंच सूत विणत होतं. सूत त्याचं, नक्षी त्याची, खोट काढणाराही तोच. आणि यल्लाप्पांसारख्या पिकल्या माणसानं त्याच्या पायरीखाली तास तास उभं राहायचं. दुकान चाललं तसं ते थांबलं होतं. राजेश्वरीला त्या पायरीची आठवण झाली की आजही अंगाचा तिळपापड व्हायचा.

तिनं ॲपच्या मदत-नंबरवर फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं. भाकरतुकड्याला हिंदीत काय म्हणायचं ते सुचेना, तेव्हा "हम लोग रोटी घुमाते हैं" असं म्हणाली. पलीकडची पोरगी हसली नाही, एवढे तिचे उपकार. व्हिडिओ आहे का, तिनं विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाली, मग दावा टिकणार नाही, आणि कापडावर डाग असेल तर तो तुमच्याकडेच पडला असं धरलं जाईल. फोनवरचं बोलणं दाव्यात धरत नाहीत; तक्रार नोंदली आहे, व्हिडिओ टाकायला उद्या संध्याकाळपर्यंतची मुदत आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

नवरा साईनाथ कारखान्यातून आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग परत बांध आणि परत फोड. त्यात काय?"

"खोटंच की वो ते."

"साडी बदललीया हे खरं हाय न्हवं? मग ते दावायला एवढं खोटं चालतंय."

राजेश्वरीला रात्रभर झोप नाही. सकाळी तो कामाला गेल्यावर तिनं त्या साडीचा पदर धुवायला घेतला. कुंकू गेलं. हळदीला साबण लागला तशी ती तांबडी झाली, मग दोनदा खळबळून उन्हात टाकली तेव्हा कुठं डाग विटला. चंपाबाई बघत होत्या.

"देवाम्होरं लावल्यालं धुतीयास?"

"आत्ती, आप्पांना परत आण्णाप्पाच्या पायरीखाली उभं करायचं हाय का?"

चंपाबाई चरख्याकडं वळल्या. साडीला इस्त्री झाली, डबा नव्या चिकटपट्टीनं बंद झाला आणि फोन धरायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून त्यांच्याच हातात दिला. बोलायचं नाही, हलायचं नाही, असं राजेश्वरीनं दोनदा बजावलं. जन्मभर चरख्यावर सुताच्या कांड्या भरलेला हात तो, हलतोय कशाला. राजेश्वरीनं चिठ्ठी दाखवली, पट्टी कापली, साडी बाहेर काढली आणि दचकल्यासारखं करून म्हणाली, "अरे, ये तो हमारी साडी नहीं है." पहिल्याच फटक्यात जमलं. इतकं छान जमलं, की तिची तिलाच किळस आली.

चौथ्या दिवशी निरोप आला. दावा मंजूर. पैसे जमा होतील, दुकान चालू राहील. राजेश्वरी धावतच आत गेली. चंपाबाई चरख्यापाशी कांड्या भरत होत्या.

"आत्ती, मंजूर झालं."

"काय मंजूर झालं?"

"आपलं म्हणणं. साडी आपली न्हवती म्हणून."

चंपाबाईंनी चरखा थांबवला नाही. "ते तर तू त्या पोरीला पहिल्या दिवशीच सांगितलंतंस की. रोटीसकट. ते कुठं मंजूर झालं?"

राजेश्वरीनं फोनचा पडदा विझवला. पलीकडं यल्लाप्पांचा माग चालू होता.

"ह्याच्याम्होरं डबा आला तर तुझा तूच फोड," चंपाबाई म्हणाल्या. "मला हाक मारू नगं."