तुळसाचा आवाज

मिरकरवाडा बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायला तुळसाच लागायची. तिची हाक पार शेवटच्या होडीपर्यंत जायची. गणपती होऊन आठवडा झाला असेल, एका सकाळी ती बांगड्याच्या टोपल्यांपुढे उभी राहिली, तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली.

घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून तपासलं. काहीच दोष नव्हता. त्यांनी समुपदेशक दर्शना मॅडमच्या नावे चिठ्ठी दिली.

"म्हणजे मी नाटक करते, असंच ना?" तुळसाने पहिल्याच भेटीत कुजबुजत विचारलं.

"नाही. आवाज खरंच गेलाय. का गेला ते दोघी मिळून बघू. इथलं बोलणं इथंच राहील."

दोन मंगळवार तुळसा गुडघेदुखी आणि शेजारणींबद्दल बोलली. ते ऐकायला दर्शना खुर्ची जवळ ओढून बसायची. तिसऱ्या वेळी तिने विचारलं, "आवाज जायच्या आधी घरात काय चाललं होतं?"

तुळसाने मुलाचं सांगितलं. रूपेशला होडीवर जायचं नव्हतं, मुंबईला एसी दुरुस्ती शिकायची होती. भर लिलावात, सगळ्यांदेखत ती ओरडली होती, "बापाच्या होडीची लाज वाटते ना? मग मेलास तू मला!" तो त्याच संध्याकाळी गेला. फोन नाही.

"ह्याच आवाजानं बोलले मी," तुळसाने गळ्यावर हात ठेवला आणि ती रडायला लागली.

दर्शनाने तिला रडू दिलं. तो परत येईल, असं काही ती म्हणाली नाही. नंतर तिने विचारलं, "आत्ता तो समोर असता तर तुम्ही त्याला काय म्हणाला असतात?"

"ठाऊक नाय."

"सुचेल तेव्हा सांगा. घाई नाही."

पुढच्या मंगळवारी तुळसाने ते सांगितलं, आणि घरी येऊन स्वतःच फोन लावला.

"कोण? ऐकू येत नाय."

"मी. तुझी आय."

"तुझ्या आवाजाला काय झालं?"

"सांगते. आधी ऐक. बंदरावर बोलले ते चुकलं माझं."

रूपेशने विचारलं, "डॉक्टरकडे गेलीस?"

दिवाळीपर्यंत आवाज हळूहळू आला, घोगरा, अधूनमधून तुटणारा. रूपेश मुंबईतच राहिला, पण रविवारी फोन करू लागला. तुळसाने मंगळवार सोडले नाहीत.

"मंगळवारी जातेस कुठं गो?" शेजारी मासळी विकणाऱ्या सगुणाने एकदा बंदरावर विचारलं.

"मॅडमकडे. बोलायला."

"बोलायला? तू?"

बायका खो खो हसल्या. तुळसाही हसली आणि पुढची टोपली ओढून पुकारायला लागली.