कुंकू लागलेली मतपत्रिका

प्रल्हादकाकांना मत द्यायचं नव्हतं, आणि त्यामुळे माझं डोकं फिरलं होतं.

अमेरिकेतल्या आमच्या या कॅरी गावात ऑक्टोबर लागला की निवडणूक घरात शिरते. आमचं राज्य कुठेही झुकू शकतं, म्हणून दोन्ही पक्षांना आमचा भारी पुळका. रोज टपालपेटीत जाड, चकचकीत पत्रकांचा गठ्ठा येऊन पडतो. एका बाजूला आपल्या उमेदवाराचा हसरा चेहरा, दुसऱ्या बाजूला विरोधकाचा मुद्दाम काळवंडवलेला. मला मताचा अधिकार नाही, तरी मलाही येतात. लतिकाकाकू ती पत्रकं टेबलावर पसरून त्यांवर मेथी निवडतात. दोघांच्या तोंडावर सारखीच माती पडते, असं त्या म्हणतात, आणि त्यात त्यांना खरोखर समाधान मिळतं.

काका-काकू आमच्या मागच्याच रस्त्यावर राहतात. काका मूळचे सांगलीचे, मातीचे इंजिनिअर. पूल किंवा धरण बांधायच्या आधी खालची जमीन किती भार सोसेल हे सांगणं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. इथले नागरिक झाल्यापासून त्यांनी एकही निवडणूक चुकवली नव्हती. आता त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला आहे. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. माझ्याशी बोलताना ते माझ्या कानाच्या पलीकडे बघतात, म्हणजे मी त्यांना थोडीफार दिसते. मुलगा अनिश सांता क्लाराला, काकूंनी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर गाडी चालवणं सोडलेलं. त्यामुळे डॉक्टर, औषधं, किराणा, सगळीकडे त्यांना मीच नेते.

मी नागपूरची. औषधांच्या एका कंपनीत आकडेवारीचं काम करते आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत उभी आहे. रांग एवढी लांब आहे की माझा नंबर लागेपर्यंत मी रिटायर झालेली असेन. माझं काय व्हायचं ते होवो. पण माझी उर्वी इथे आली तेव्हा सहा वर्षांची होती, पुढचे दोन दात पडलेले. आता ती कॉलेजात आहे. येत्या एप्रिलमध्ये तिला एकविसावं पूर्ण होईल आणि त्या दिवशी ती आमच्या व्हिसातून बाहेर पडेल. मग तिने स्वतःचा व्हिसा मिळवायचा, नाहीतर देश सोडायचा. जायचं कुठे, तर नागपूरला, जिथे तिला रिक्षावाल्याशी चार वाक्यं धड बोलता येत नाहीत.

म्हणून दोघांपैकी एक उमेदवार मी मनाशी पक्का केला होता. तो आला तर काहीतरी होईल, निदान दार लागणार नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं. माझा नवरा ऋषी म्हणायचा की कोणीही येवो, आपल्यासाठी कोणी काही करत नाही. मी त्याचं ऐकून घ्यायचे नाही. माणसाला धरायला काहीतरी लागतं.

काकांची मतपत्रिका टपालाने आली त्या रविवारी मी त्यांच्याकडेच होते. त्यांनी मला ती वाचून दाखवायला सांगितली. राष्ट्राध्यक्षापासून शाळेच्या मंडळापर्यंत आणि शेवटी जमीन-पाणी संवर्धनाच्या स्थानिक पदापर्यंत मी सगळी नावं वाचली. त्या शेवटच्या पदासाठी काकांनी दोन्ही उमेदवारांची माहिती अनिशकडून फोनवर वाचून घेतली होती. त्या पदावर कोण बसतं हे त्या दोन उमेदवारांना आणि काकांना सोडून इथे कोणाला ठाऊक नसेल. मग ते शांतपणे म्हणाले की खालचं सगळं भरायचं, सर्वांत वरची जागा रिकामी ठेवायची.

मी कारण विचारलं.

"एकावर भार टाकला तर खचेल, दुसऱ्यावर टाकला तर घसरेल," ते म्हणाले. "अशा जमिनीवर मी कधी सही केली नाही. आता मरताना कशाला करू?"

वाद घालण्यात मी कमी नाही. मी त्यांना दोघांची भाषणं सांगितली, फरक सांगितला, माझ्या उमेदवाराचं नाव तीनतीनदा घेतलं. काका मान हलवत राहिले. ते म्हणाले की आयुष्यभर दोन वाइटांतलं कमी वाईट निवडत आलो, दर वेळी कमी वाईट थोडं अधिक वाईट होत गेलं, आणि आता पुरे. तेव्हा माझा तोल गेला.

"काका, चूझी व्हायची लक्झरी तुम्हाला आहे," मी म्हटलं. "तुमच्याकडे व्होट आहे आणि तुम्ही ते स्किप करताय. माझ्याकडे नाहीये. माझ्या मुलीचा एप्रिल तुमच्यासारख्या लोकांच्या हातात आहे."

काकूंनी माझ्यासाठी मेथीचे ठेपले बांधून ठेवले होते, ते न घेताच मी निघून आले. घरी आल्यावर मला लाज वाटली, पण राग काही गेला नाही.

चार-पाच दिवसांनी काकूंचा फोन आला. आवाज अगदी पडलेला. माझ्याकडून घोळ झालाय, म्हणाल्या, लगेच ये.

घोळ असा होता. काकूंच्या घरात महत्त्वाचा कुठलाही कागद आधी देवापुढे जातो आणि त्याला कुंकू लागतं. घराचे कागद, अनिशच्या अ‍ॅडमिशनचं पत्र, दोघांचे अमेरिकन पासपोर्ट, सगळ्यांच्या कोपऱ्यात ते लाल बोट आहे. काकांनी मतपत्रिका भरायला घेण्याआधी काकूंनी ती देवापुढे ठेवली आणि ओल्या बोटाने कुंकू लावलं. बोट कोपऱ्यावर टेकलं आणि निसटलं. राष्ट्राध्यक्षाच्या जागी, पहिल्या नावासमोरच्या गोलात, कुंकवाचा ठसठशीत टिळा.

मी कपाळाला हात लावला. काकू रडकुंडीला आल्या होत्या. मशिनने ते मत मोजलं तर, हीच त्यांना भीती. काका मात्र हसत होते. लतिकानं माझ्या वतीनं देवाच्या साक्षीनं मत देऊन टाकलं, म्हणाले.

मी निवडणूक कार्यालयाला फोन केला. पलीकडच्या माणसाने कुंकू म्हणजे काय हे दोनदा विचारलं, मग सांगितलं की ती मतपत्रिका पाठवू नका, केंद्रावर येऊन मत द्या. ज्यांना गाडीतून उतरता येत नाही त्यांना गाडीतच मतपत्रिका आणून देतात आणि मदतीला आपलं माणूस घेता येतं. काकू लगेच तयार झाल्या. पण काकांनी सांगून टाकलं की मदतीला लतिका नको, तिचं एकदा देऊन झालंय. नेत्रा बसेल.

माझ्या त्या दिवशीच्या बोलण्यानंतर त्यांनी माझंच नाव घ्यावं, याचं मला बरं वाटलं आणि अवघडायलाही झालं.

शनिवारी सकाळी आम्ही गेलो. केंद्र आमच्या लायब्ररीजवळच्या सभागृहात होतं. बाहेर गवतावर उमेदवारांच्या पाट्यांची गर्दी, आत जाणाऱ्यांची रांग वळण घेऊन पार्किंगपर्यंत आलेली. त्या रांगेत कोणाच्याही चेहऱ्यावर उत्साह नव्हता. दंतवैद्याकडे आल्यासारखे लोक फोनमध्ये डोकं घालून उभे होते. काकू काठी टेकत रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. मी ठरलेल्या जागी गाडी लावली, पाटीवरच्या नंबरवर फोन केला, आणि आम्ही दोघं वाट बघत बसलो.

बराच वेळ कोणी आलं नाही. मी काकांना त्या दिवशीबद्दल सॉरी म्हटलं. त्यांनी हातानेच ते बाजूला सारलं. मग त्यांनी विचारलं, "तुझा माणूस निवडून आला तर उर्वी इथे राहील?"

हो म्हणायला माझं काही जात नव्हतं. कित्येक महिने मी स्वतःला तेच सांगत होते. एवढं एक 'हो' ऐकायलाच काका थांबले आहेत आणि ते ऐकलं की माझ्यासाठी आपला हट्ट सोडतील, हे मला कळत होतं. पण हा माणूस मला धड बघूही शकत नव्हता, आणि मी सांगेन ते नाव भरलं जाणार होतं. माझी जीभ उचलली गेली नाही. मी माझ्या उमेदवाराची सगळी भाषणं मनात चाळली. दुसऱ्याचीही चाळली. सीमेबद्दल दोघं बोलले होते, नोकऱ्यांबद्दल बोलले होते, एकमेकांबद्दल तर भरपूर बोलले होते. इथे वाढलेल्या आणि कागदांच्या वाटेत अडकलेल्या माझ्या उर्वीसारख्या पोरांबद्दल माझ्या कानांवर एक शब्द आला नव्हता.

"नाही सांगता येत, काका," मी म्हटलं. "तिच्याबद्दल कोणीच बोललं नाहीये. मला फक्त त्याची भीती जरा कमी वाटते."

ते बोलून टाकलं आणि मला एकदम थकल्यासारखं झालं. ऋषीचं खरं होतं, काकांचं खरं होतं, आणि धरायला हाताशी काही उरलं नव्हतं. वरची जागा रिकामी राहणार हे मी मनोमन मान्य करून टाकलं.

तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र घातलेल्या एक वयस्क बाई मतपत्रिका घेऊन आल्या. त्यांनी काकांचं ओळखपत्र पाहिलं आणि मला बजावलं की मी फक्त नावं वाचायची आणि ते सांगतील तिथेच खूण करायची, सल्ला द्यायचा नाही. मी मान डोलावली. त्या चार पावलं मागे सरून उभ्या राहिल्या.

काकांनी खालून सुरुवात करायला सांगितली. जमीन-पाणी संवर्धनाचं नाव त्यांनी ठामपणे सांगितलं. मग शाळेचं मंडळ, न्यायाधीश, गव्हर्नर. शेवटी वरची जागा. मी नावं वाचली, जमेल तितक्या कोरड्या आवाजात.

काकांनी खिडकीकडे तोंड वळवलं. मग त्यांनी नाव सांगितलं. त्यांच्या स्वयंपाकघरात मी तीनतीनदा घेतलेलं नाव.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी ते पुन्हा सांगितलं. मी गोल भरला. एवढासा गोल, पण रेघ बाहेर जाऊ नये म्हणून मला वेळ लागला. बाई मतपत्रिका घेऊन आत गेल्या.

मी विचारलं, "काका, तुम्ही तर रिकामं ठेवणार होतात. आणि मी सांगितलं ना, माझीच खात्री नाही."

"तू हो म्हणाली असतीस तर रिकामंच ठेवलं असतं," ते म्हणाले. "खात्री नसताना हो म्हणणारे त्या कागदावर होतेच की."

त्यांचा चेहरा उतरलेला होता. आयुष्यभर न केलेली सही त्यांनी आज केली होती, आणि त्यांना त्याचा आनंद झालेला नव्हता. माझ्यासाठी केली होती. मी इतके दिवस मागत होते ते मला मिळालं होतं, आणि मला स्वतःचाच राग येत होता.

"आणि चुकलं तर?" मी विचारलं.

"चुकलं तर दोघांचं चुकलं."

इतकी वर्षं मी इथे राहिले, टॅक्स भरला, मूल वाढवलं. कोणी मला कशात धरलं नव्हतं. काकांनी धरलं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि रडले.

काकू काठी टेकत आल्या, मागे बसल्या आणि घाबरून त्यांनी विचारलं, काय झालं हिला.

"काही नाही," काका म्हणाले. "मत दिलं की असं होतं. घरी चल, नेत्रा."