राजूरच्या घाटात मी अडखळले

मित्रांनो, मी एक जुनी, उघड्या टपाची, दोनच माणसं बसतील एवढी मोटार आहे. आज रंग ओळखू येत नाही, पण एके काळी मी लालभडक होते. विलायतेतल्या कारखान्यात मला शर्यतीसाठी घडवलं. पेट्रोल आणि हवा मिसळून देणारे कार्बोरेटर इंजिनाला एक नव्हे, दोन दिले: पुढच्या दोन सिलिंडरांना एक, मागच्या दोन सिलिंडरांना दुसरा. मुंबईच्या एका साहेबाने मला बोटीतून आणलं आणि तो मायदेशी परतला तेव्हा बुलडाण्याच्या नारायणराव वकिलांनी मला विकत घेतलं. महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकतंच झालं होतं.

बुलडाण्यात माझा काय तोरा होता म्हणून सांगू! मी इतकी बुटकी की बैलगाडीतली माणसं मला वाकून बघत. पण माझं खरं कौतुक दोघांनीच केलं. ते होते इंद्रभान आणि निवृत्ती, सख्खे भाऊ. मलकापूर रस्त्यावर त्यांचं गॅरेज होतं.

इंद्रभान थोरला. तो लांब पेचकसाचं टोक माझ्या इंजिनावर टेकवी, मूठ कानाला लावी आणि डोळे मिटून ऐके. निवृत्ती नागपूरच्या वर्कशॉपमध्ये शिकून आलेला. त्याचा भरवसा मापावर. प्लगमध्ये ठिणगी नेमकी कधी पडते ते तो तारेला छोटा बल्ब जोडून तपाशी. दिवा लागला की तो क्षण ठिणगीचा. त्यालाच ते टायमिंग म्हणत. एकाचा कान, दुसऱ्याचा डोळा. दोघे मिळून माझ्यावर काम करत तेव्हा मी मांजरासारखी गुरगुरत असे.

मग मला दुखणं लागलं. उभी असताना माझा श्वास अडके आणि चढावर तर चारांतले दोन सिलिंडर मध्येच गप्प होत. गॅरेजच्या भाषेत मी मिसिंग करू लागले. निवृत्तीने प्लगच्या तारा एकेक करून काढून पाहिल्या. मागच्या दोन तारा काढल्या तरी आवाजात फरक पडेना, म्हणजे तिसरा आणि चौथा सिलिंडर कामचुकार. मग त्याने बल्ब लावला आणि म्हणाला, "दादा, टायमिंग हाललं हिचं. ठिणगी वेळेवर पडून नाही राह्यली."

इंद्रभानने मागच्या कार्बोरेटरच्या सांध्यावर तेलाचा थेंब सोडला. माझा आवाज क्षणभर सुधारला. "हवा खाऊन राह्यली बे ही. सांध्यातलं पॅकिंग गेलं. कार्बोरेटर खोल."

"आधी टायमिंग. त्याच्याशिवाय मी काही खोलू देत नाही."

"मंग मी काऊन उभा आहो इथं?"

इथूनच बिनसलं. निवृत्तीने टायमिंग लावावं आणि ते दोन दिवसांत पुन्हा हलावं. तो समजे, दादाने कानाच्या अंदाजाने फिरवलं. कधी कधी इंद्रभान फिरवीही. इंद्रभानने पेट्रोल वाढवून माझा श्वास सावरावा, तर निवृत्ती ते परत कमी करी. मी दोघांच्या हातांखाली जात होते आणि मला बोलता येत नव्हतं.

एका सकाळी वकीलसाहेब मलकापूर स्टेशनावरून परतत होते. दुपारी कोर्टात मोठा खटला उभा राहायचा होता. मोताळा मागे पडलं आणि राजूरच्या घाटाच्या ऐन चढावर मी अडखळले, दोनदा फाडफाड आवाज केला आणि बंद पडले. एका शेतकऱ्याने बैलजोडी जुंपून मला वर ओढत आणलं. मी, शर्यतीची गाडी! वकीलसाहेब पोहोचले तेव्हा खटला हातचा गेलेला होता.

ते तडक गॅरेजात आले. गिऱ्हाइकं उभी होती. "तुमच्यापैकी कोणाच्या हातचं काम हे? मले फक्त एवढं सांगा."

निवृत्तीने दादाकडे बोट दाखवलं. त्याच घटकेला इंद्रभानने त्याच्याकडे दाखवलं.

दोघांची बोटं तशीच थोडा वेळ हवेत राहिली. मग इंद्रभानने हात खाली घेतला, हत्यारांची पिशवी उचलली आणि म्हणाला, "सांभाळ आता तुहं गॅरेज." निवृत्तीने हाक मारली नाही. मला वाटतं, एका हाकेवर तो थांबला असता. इंद्रभान खामगावच्या एका जिनात कामाला लागला. तिथे सरकीपासून कापूस वेगळा करणाऱ्या यंत्रांचा दिवसभर नुसता धडधडाट.

वकीलसाहेबांनी दुसरी गाडी घेतली आणि मला गॅरेजातच सोडलं. "ठेव रे तूच. मले नाही पाहायची," एवढंच म्हणाले. माझ्या सीटवर कोंबड्या बसू लागल्या.

काही वर्षांनी, काम कमी असताना, निवृत्तीने मला पुन्हा उघडलं. या वेळी त्याने ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर पुरता सोडवला. त्याचा दांडा झिजून डगडगत होता. म्हणून टायमिंग हलत होतं, दादाने फिरवलं म्हणून नव्हे. मुंबईहून नवा भाग मागवून त्याने बसवला. टायमिंग जागचं हलेना. पण मी अजूनही अडखळतच होते.

आता आरोप करायला गॅरेजात कोणी उरलं नव्हतं.

 मग त्याने दादासारखाच मागच्या सांध्यावर तेलाचा थेंब सोडला. माझा आवाज सुधारला. त्याने कार्बोरेटर खोलला, पॅकिंग फाटलेलं निघालं. नवं कापून बसवलं आणि मला सुरू केलं. मित्रांनो, मी पूर्वीसारखी गुरगुरले! त्याची बायको रुख्मिणी दारात आली. तिला वाटलं तो हसत असेल. त्याचे डोळे भरले होते.

"दोघांचंही खरं होतं," तो म्हणाला.

"मंग जा ना, सांगा त्याहिले."

पण तो गेला नाही. आज लाज आडवी आली, उद्या काम. असं करता करता आणखी काही वर्षं सरली. अखेर इंद्रभान जिन सोडून उंद्रीला भाजीपाला लावतो असं कळलं, तेव्हा निवृत्ती मला घेऊन चिखलीवरून उंद्रीला गेला. वाटभर तो एकच वाक्य पुटपुटत होता.

वहिनी, सरस्वतीबाई, अंगणात होत्या. इंद्रभान वांग्यांच्या वाफ्यात पाठमोरा होता. निवृत्तीने तिथूनच हाक मारली, "दादा! तुहंही खरं होतं! माहं चुकलं!"

इंद्रभान वळला नाही.

"ओरडू नका भाऊजी," सरस्वतीबाई म्हणाल्या. "जिनातल्या आवाजानं कान गेले त्याहिचे. कवाचे गेले."

 माझं इंजिन सुरूच होतं. सरस्वतीबाईंनी जाऊन नवऱ्याच्या खांद्याला हात लावला तेव्हा त्याला आम्ही दिसलो. तो आधी भावाकडे आला नाही, माझ्याकडे आला. मातीचा हात माझ्या बॉनेटवर ठेवला आणि डोळे मिटले. हात हळूहळू मागच्या सिलिंडरांकडे सरकला.

"तिसरा, चौथा दोन्ही चालून राह्यले," तो खूप मोठ्याने म्हणाला. "टायमिंग कोनं लावलं?"

निवृत्तीने स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"लय चांगलं लावलं बे."

निवृत्तीने वाटभर घोकलेलं ते वाक्य पुन्हा म्हटलं, दोनदा म्हटलं. इंद्रभान नुसताच त्याच्या ओठांकडे पाहत राहिला आणि मान हलवत राहिला. त्याला किती कळलं, मला ठाऊक नाही. निवृत्तीने मला बंद मात्र केलं नाही. मी चालू होते तोवर दादाचा हात माझ्यावर होता, आणि त्या हातावर आता त्याचाही हात होता. टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत दोघे तसेच उभे राहिले.

मित्रांनो, यंत्र बिघडलं तर बोट दाखवण्याआधी ते नीट पाहा. दुखणं दोन ठिकाणी असू शकतं आणि दोघंही खरं बोलत असू शकतात. माझा झिजलेला दांडा बदलता आला, फाटलेलं पॅकिंगही बदलता आलं. माणसाचे कान बदलता येत नाहीत. चुकलं असेल तर समोरच्याला ऐकू येतंय तोवर जाऊन सांगा.